पुन्हा नीट की परदेशात एमबीबीएस? इंदूरच्या मराठी घरांसाठी सविस्तर हिशोब

परदेशात एमबीबीएसला गेलं म्हणजे परीक्षेतून सुटका झाली, हा समज सगळ्यात आधी काढून टाकायला हवा. परीक्षा चुकत नाही, सहा वर्षं पुढे जाते. भारतात परत येऊन दवाखाना टाकायचा तर एफएमजीई, म्हणजे परदेशी एमबीबीएसवाल्यांसाठीची भारतातली परीक्षा, पास व्हावीच लागते. जून २०२५ च्या एफएमजीईला ३६,०३४ जण बसले आणि ६,७०७ पास झाले, म्हणजे शंभरात एकोणीससुद्धा नाहीत. हे सगळे एमबीबीएसची पदवी हातात असलेले विद्यार्थी होते. त्यामुळे ‘ड्रॉप (एक वर्ष थांबून पुन्हा नीट) की परदेश’ हा प्रश्न आमच्या मते असा मांडायला हवा: अवघड परीक्षा अठराव्या वर्षी पुन्हा द्यायची की चोविसाव्या वर्षी, तीस-चाळीस लाख खर्च करून झाल्यावर?

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. कुणासाठी कोणतं, हे निकालाच्या कागदावरून बरंचसं कळतं, फक्त तो कागद नीट वाचला पाहिजे.

मार्क नको, रँक बघा

‘मागच्या वर्षी अमक्याला ६५० ला मिळालं नाही, मग आपल्या ५४० चं काय होणार?’ हे वाक्य दर जूनमध्ये ऐकू येतं. २०२४ मध्ये ६५० च्या वर ३० हजारांहून जास्त मुलं होती. २०२५ मध्ये पेपर इतका कठीण निघाला की ६५१ ते ६८६ या पट्ट्यात देशभरात फक्त ७३ जण होते आणि ६०१ ते ६५० मध्ये १,२५९. एकच ६५० चा आकडा, पण एका वर्षी तो सरकारी जागेच्या काठावरचा आणि दुसऱ्या वर्षी देशातल्या पहिल्या शंभरातला. म्हणून गेल्या तीन वर्षांच्या मध्य प्रदेश डीएमईच्या (वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या) जागावाटप याद्या काढा, आपला प्रवर्ग बघा आणि शेवटच्या फेरीत सरकारी एमबीबीएस कोणत्या रँकला बंद झालं ते लिहून ठेवा. खासगीचंही तसंच. मग आपली रँक त्या आकड्याच्या किती पट मागे आहे ते मोजा. दीडपटीच्या आत असाल तर एक वर्ष द्यायला भक्कम कारण आहे. तिप्पट-चौपट मागे असाल तर ‘अजून थोडी मेहनत’ एवढ्यावर भागणार नाही, तयारीची सगळी पद्धतच बदलावी लागेल. ती कशी बदलणार, हे मुलाला किंवा मुलीला सांगता यायला हवं.

चुका मोजण्याची एक संध्याकाळ

हे काम कुणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो. नीट घेणारी संस्था एनटीए ओएमआरची (गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरसूची देते. दोन्ही प्रिंट काढा, शेजारी ठेवा आणि एका कागदावर चार रकाने आखा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, दोन पर्यायांत अडकून ठोकलं, वेळ संपला म्हणून सोडलं. प्रत्येक गेलेला प्रश्न यातल्या एका रकान्यात टाका.

समजा १६५ प्रश्न सोडवले, त्यातले १२९ बरोबर आणि ३६ चूक. १२९ चे ५१६, वजा ३६, म्हणजे ४८०. आता त्या ३६ पैकी १२ ‘माहीत होतं पण चुकलं’ या रकान्यात असतील, म्हणजे चिन्ह उलटं, एकक बदललं नाही, ‘अयोग्य विधान कोणतं’ ऐवजी योग्य शोधलं, तर त्या प्रत्येकाची किंमत पाच मार्क आहे. चार मिळाले नाहीत आणि एक कापला गेला. बारा प्रश्नांचे साठ. ४८० चे ५४० व्हायला एकही नवा धडा लागत नाही, लागतो तो घड्याळ लावून केलेला सराव. अशा मुलाने ड्रॉप जरूर घ्यावा.

पण चुकांचा ढीग पहिल्या रकान्यात असेल, आणि त्यातही फिजिक्सचे मेकॅनिक्स आणि विद्युतचे प्रश्न असतील, तर चित्र वेगळं. दहावीनंतर गणित सुटलेलं, व्हेक्टर आणि लॉगॅरिदम कधी पक्के झालेच नाहीत, हा खड्डा पुन्हा त्याच बॅचमध्ये बसून भरत नाही. तिथे व्याख्यान पुढे पळत असतं. या मुलांसाठी जून ते सप्टेंबर फक्त पायाभूत गणित आणि अकरावीचं फिजिक्स, रोज हाताने पन्नास-साठ प्रश्न, आणि त्यानंतर टेस्ट सिरीज, असा क्रम लागतो. गीता भवनच्या बाजूला क्लास लावताना चौकशी करायची ती याची: शंका विचारायला रोज कोण, किती वाजेपर्यंत बसतं? भिंतीवरच्या टॉपर्सच्या फोटोंचा इथे उपयोग नाही.

बायोलॉजी ९० प्रश्नांचं, ३६० मार्कांचं. ती एनसीईआरटीच्या ओळीओळीवर आहे आणि ड्रॉपच्या वर्षात सगळ्यात आधी वाढते. म्हणूनच ती फसवतेही. ऑक्टोबरपर्यंत एकूण मार्क छान चढतात, घर निर्धास्त होतं, आणि फिजिक्स तिथेच राहतं. मॉकचे मार्क तिन्ही विषयांचे वेगवेगळे लिहा. १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत, २०२५ पासून पर्यायी प्रश्न राहिले नाहीत, त्यामुळे बायोलॉजी पन्नास मिनिटांत गोळे भरण्यासकट संपली नाही तर फिजिक्सला हात लावायला वेळच उरत नाही.

तिसऱ्या ड्रॉपबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२ मध्ये निघाली, पण नियम परवानगी देतो म्हणून वर्ष देऊ नये. पहिला ड्रॉप बहुतेकांना काही ना काही देतो. दुसऱ्याला वर सांगितलेल्या चार रकान्यांचा पुरावा हवा. तिसरा केवळ लाज आणि हट्ट यांच्यावर चाललेला असतो, आणि त्याची किंमत मुलाच्या झोपेत, जेवणात, बोलण्यात दिसायला लागते. ते दिसत असेल तर कटऑफचा हिशोब बाजूला ठेवून आधी मुलाशी बोला, गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. एवढा सगळा डोलारा एका दुपारवर उभा असतो. ४ मे २०२५ ला वादळी पावसात इंदूरच्या काही केंद्रांवर वीज गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, एकल पीठानं पुन्हा परीक्षा घ्या म्हटलं, खंडपीठानं ते फिरवलं, आणि पुन्हा परीक्षा झालीच नाही. म्हणून ड्रॉप घेतानाच दुसरी वाट कागदावर लिहिलेली असावी.

‘महाराष्ट्रातून बघू’ हे चालत नाही

मामा पुण्यात, आत्या नाशिकला, आडनाव मराठी, घरात मराठी. तरी महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यात इंदूरहून दहावी-बारावी केलेल्या मुलाचा नंबर लागत नाही. तिथे अधिवास आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातली लागते. ही गोष्ट बारावीनंतर कळून काही करता येत नाही. इंदूरच्या मुलाला मध्य प्रदेशाचा ८५ टक्के कोटा, देशभरातला १५ टक्के ऑल इंडिया कोटा, डीम्ड (अभिमत) विद्यापीठं, आणि महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांच्या संस्थात्मक कोट्यातल्या महागड्या जागा, एवढंच खुलं असतं. जातीच्या दाखल्याचंही तसंच. आजोबांचा महाराष्ट्रातला दाखला इथे कामाचा नाही. मध्य प्रदेशाच्या यादीत जात आहे का ते बघून इथलाच दाखला काढावा लागतो, आणि ऑल इंडिया कोट्यासाठी ओबीसीला केंद्रीय यादीचा, चालू वर्षाचा नॉन क्रिमीलेयर दाखला वेगळा लागतो. मूळ निवासी प्रमाणपत्र मे महिन्यातच हातात ठेवा. जुलैत लोकसेवा केंद्रावर आणि कियोस्कवर रांगा लागतात.

एमजीएमसारख्या सरकारी कॉलेजात शिकवणीची फी वर्षाला लाखाच्या आसपास. खासगीत वर्षाला दहा-बारा लाख किंवा वर, साडेचार वर्षांची, शिवाय होस्टेल आणि मेस. म्हणजे घराला साठ-सत्तर लाखांची तयारी हवी. या आकड्यामुळेच परदेशाकडे नजर जाते, आणि त्यात गैर काही नाही.

परदेशाचा विचार करायचा तर आधी नियम

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे (एनएमसीचे) १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम हा या रस्त्याचा पाया. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा. त्यानंतर त्याच विद्यापीठात १२ महिन्यांची इंटर्नशिप. शिकवणं इंग्रजीतून. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत, मधे बदली नाही. पदवीनंतर त्या देशाचा परवाना मिळायला पात्र असलं पाहिजे, तोही तिथल्या नागरिकांना मिळतो तसा. भारतात परत आल्यावर पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. आणि प्रवेशापासून दहा वर्षांत सगळं पूर्ण.

आता ऑफर लेटर हातात घ्या. त्यात कालावधी ‘५ वर्षे, इंटर्नशिपसह’ असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. ५४ अधिक १२ म्हणजे ६६ महिने, साडेपाच वर्षं. पाच वर्षांत ते बसूच शकत नाही. मग माध्यमाची ओळ शोधा. ‘इंग्रजी आणि स्थानिक भाषा’ असं दुहेरी लिहिलं असेल तर कोणत्या वर्षापासून स्थानिक, हे विद्यापीठाकडून लेखी मागवा, एजंटाच्या व्हॉट्सॲपवर नाही. इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, त्यात किती खाटा, ते विद्यापीठाचं स्वतःचं आहे की कराराचं, हेही लेखी. शेवटी परवान्याचा प्रश्न: ‘परदेशी विद्यार्थ्याला या पदवीवर तुमच्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का, कोणत्या कायद्यानं?’ या एका प्रश्नावर बऱ्याच विद्यापीठांचं उत्तर गुळमुळीत येतं. ज्यांचं येतं ती यादीतून काढा. आयोग ‘मान्यताप्राप्त’ परदेशी विद्यापीठांची यादी मंजूर करत नाही. त्यामुळे विजयनगरच्या हॉटेलातल्या सेमिनारमध्ये ‘एनएमसी अप्रूव्ह्ड’ असा बोर्ड दिसला तर तो बोर्ड लावणाऱ्यावर पुढे कशाहीबाबत विश्वास ठेवू नका.

नीट पात्र नसलेल्या मुलाला ‘काही हरकत नाही’ म्हणून पाठवणारेही भेटतात. हरकत आहे. पात्रता नसेल तर परत येऊन एफएमजीईला बसताच येत नाही. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ होती, त्याआधीच्या वर्षी १६२.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पूर्ण निर्णय तिच्यावर फिरतो. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. म्हणजे यंदा पात्र असलेल्या मुलानं एक ड्रॉप घेतला आणि पुढच्या वर्षी दिवस वाईट गेला, तरी यंदाच्या निकालावर तो परदेशात जाऊ शकतो. ड्रॉपमुळे परदेशाचं दार बंद होत नाही. उलट दिशेनं मात्र तसं नाही. पहिल्या वर्षी घाईत निघून गेलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी परत येऊन नीट द्यायची झाली तर फी, विमान, वर्ष, सगळं बुडतं. एजंट जूनमध्ये ‘शेवटच्या दहा जागा’ म्हणतो तेव्हा हे आठवावं.

तिथे गेल्यावर काय बिघडतं

एफएमजीईत ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. शंभर प्रश्न सुरुवातीच्या वर्षांच्या विषयांचे, दोनशे क्लिनिकलचे. ऐकायला सोपं वाटतं. मग इतके नापास का? पहिलं कारण रुग्ण. स्थानिक भाषा येत नसेल तर चौथ्या वर्षी वॉर्डात मुलगा कोपऱ्यात उभा राहतो, प्राध्यापक रुग्णाशी बोलतात, दोन ओळी इंग्रजीत सांगतात, पुढे जातात. पोट दाबून बघणं, रुग्णाला विचारून आजाराचा इतिहास घेणं, हे हाताला लागतच नाही. दुसरं, अभ्यासक्रम तिथल्या आजारांचा. सर्पदंश, डेंगी, क्षयरोगाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम, आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, हे सगळं कम्युनिटी मेडिसिनमध्ये विचारतात. एमवाय हॉस्पिटलच्या ओपीडीत ते रोज डोळ्यांसमोर येतं, परदेशात पुस्तकातही नसतं. तिसरं कारण वेळ: मुलं एफएमजीईची तयारी सहाव्या वर्षी सुरू करतात, जेव्हा ॲनाटॉमी पार विसरलेली असते.

यावर उपाय आहे, आणि जे पास होतात ते तोच करतात. पहिल्या सेमिस्टरपासून भारतीय पुस्तकं सोबत ठेवायची. जो विषय तिथे शिकवतील त्याचे भारतीय सरावप्रश्न त्याच महिन्यात सोडवायचे. पहिल्या वर्षी तिथली भाषा रुग्णाशी बोलण्याइतकी शिकायचीच. आणि उन्हाळी सुट्टीत इंदूरला आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीनं वॉर्डात उभं राहायचं. जो मुलगा इथे स्वतःहून पुस्तक उघडत नाही, तो सहा वर्षं परक्या गावात, होस्टेलच्या मोकळीकीत उघडेल, असं समजू नये. नीटमध्ये १५० च्या आसपास अडकलेल्यांना परदेशी पाठवताना आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

रुपये, डॉलर आणि कागद

एजंटाचा कोटेशनचा कागद डॉलरमध्ये असतो, घरचं बजेट रुपयांत. २०१५ मध्ये डॉलर ६४ च्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३-८४. वर्षाला ६,००० डॉलर फी असेल तर डॉलर दहा रुपयांनी चढला की वर्षाला साठ हजार वाढतात, सहा वर्षांत तीन लाख साठ हजारांपर्यंत. शिवाय विमान, व्हिसा नूतनीकरण, विमा, थंडीचे कपडे, परतल्यावर एफएमजीईचं कोचिंग आणि तोपर्यंतचं वर्ष-दीड वर्ष. सांगितलेल्या रकमेत तिसरा हिस्सा वाढवून धरा. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पैसे पाठवले तर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बहुधा तारण मागतात, म्हणजे राहतं घर. एफएमजीई लांबली तर हप्ता सुरू आणि कमाई शून्य, अशी दोन वर्षं निघू शकतात. घर तारण ठेवण्यापूर्वी ती दोन वर्षं कुणाच्या पगारातून जातील ते ठरवा.

नावाकडे आपल्या लोकांचं दुर्लक्ष होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर फक्त नाव-आडनाव, आधारवर वडिलांच्या नावासकट, पासपोर्टवर आणखी तिसराच क्रम. सहा वर्षांनी परदेशी डिप्लोमावर पासपोर्टचं स्पेलिंग येतं, नीटच्या निकालावर दहावीचं, आणि एफएमजीईचा अर्ज अडकतो. प्रवेशाआधीच सगळीकडे एकच नाव करून घ्या. डिप्लोमाला अपोस्टिल (कागद खरा असल्याचं त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र) किंवा भारतीय दूतावासाचा शिक्का लागतो, तो देश सोडण्यापूर्वीच घ्यावा. जुना पासपोर्ट टाकू नका. येण्या-जाण्याचे शिक्के दाखवूनच शिक्षण प्रत्यक्ष तिथे झालं हे सिद्ध करावं लागतं. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्यांचं ऑनलाइन शिक्षण किती दिवस लटकलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. देश निवडताना फीच्या आधी ही बाजू बघा.

मधल्या वाटा आणि तारखा

महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून तासाभरावर आहे, तिथला प्रवेशही नीटवरच होतो, आणि ज्याला खरोखर शरीरशास्त्र आणि उपचार आवडतात त्याच्यासाठी तो उत्तम व्यवसाय आहे. लोकमान्य नगरचं सरकारी आयुर्वेद महाविद्यालय, सरकारी डेंटल कॉलेज, यांचाही विचार मन लावून करावा. मात्र ‘जागा धरून ठेवू आणि आतून नीट देऊ’ असं करायचं असेल तर सीट सोडण्याचा बॉण्ड किती, मूळ कागदपत्रं परत कधी मिळतात, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत आधी वाचा. त्यात दरवर्षी बदल होतात.

क्रम असा ठेवा. निकालाच्या आठवड्यात चार रकान्यांचा कागद आणि रँकची तुलना. पासपोर्टचा अर्ज त्याच आठवड्यात, जायचं ठरलेलं नसलं तरी. राज्य आणि ऑल इंडिया, दोन्ही काउन्सेलिंगची नोंदणी करा. ऑल इंडिया कोट्यात खुल्या प्रवर्गाला १० हजारांची अनामत लागते, डीम्डला दोन लाखांची, आणि नियम पाळले तर ती परत येते. दुसऱ्या फेरीपर्यंत एजंटाला एक रुपयाही टोकन देऊ नका. शेवटच्या, उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीत जिथे खरंच जाणार नाही असं एकही कॉलेज भरू नका, कारण तिथे जागा मिळून प्रवेश घेतला नाही तर अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसायलाही बंदी येते. ड्रॉपचं ठरवलेल्या मुलाच्या हातून हीच चूक होते, ‘बघू तर काय लागतं’ म्हणून.